स्विच लावण्याआधी

इथरनेट स्विच ही एका इमारतीतले संगणक, प्रिंटर, कॅमेरे आणि वायफायची यंत्रे तारांनी एकत्र जोडणारी पेटी आहे. बाहेरचे इंटरनेट आत आणण्याचे काम राउटरचे. आतल्या आत फिरणारी माहिती ज्याची त्याला पोचवण्याचे काम स्विचचे. राउटर बंद पडला तर इंटरनेट जाते. स्विच बंद पडला तर शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरसुद्धा दिसेनासा होतो, कॅमेऱ्यांचे चित्रण थांबते आणि काउंटरवर रांग लागते. इतकी महत्त्वाची वस्तू असूनही तिची खरेदी बहुतेक ठिकाणी ‘चोवीस पोर्टचा एक द्या’ एवढ्यावर उरकली जाते. पेटी रॅकमध्ये चढवायला अर्धा तास पुरतो. ती कुठे बसणार, कोणत्या तारांवर चालणार आणि कोणाला कोणापासून वेगळे ठेवणार हे ठरवण्यातच खरे काम असते, आणि नेमके तेच राहून जाते.

इथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात एका टिपणात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने ती प्रत्यक्षात उतरवली. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट होता. सगळे संगणक एकाच कोअ‍ॅक्शियल केबलला जोडलेले असत. दोघांनी एकाच वेळी माहिती पाठवली की टक्कर होई. मग दोघेही थांबत आणि प्रत्येक जण वेगवेगळा वेळ जाऊ देऊन पुन्हा प्रयत्न करी. १९८३ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.३ या क्रमांकाने इथरनेटचे मानक मंजूर केले. १९९० मध्ये पीळ दिलेल्या जोडतारांवर चालणारे इथरनेट मानकात आले आणि प्रत्येक संगणकाची स्वतंत्र तार एका हबपर्यंत येऊ लागली. पण हब आलेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांकडे पाठवत असे, त्यामुळे टकरा तशाच राहिल्या. त्याच वर्षी विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने उभ्या केलेल्या ‘कल्पना’ या अमेरिकी कंपनीने सात पोर्टचा इथरस्विच बाजारात आणला. कंपनीला त्यांनी पत्नीचे नाव दिले होते. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. आजचा प्रत्येक स्विच त्याच पेटीच्या वंशातला आहे.

स्विच काय करतो हे समजले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक मॅक पत्ता असतो. त्याचे पहिले २४ बिट उत्पादक कंपनीची खूण सांगतात. माहितीच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे फ्रेमवर, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन्ही पत्ते असतात. फ्रेम पोर्टमधून आत आली की स्विच आधी पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि ‘हा अमुक पोर्टवर आहे’ अशी नोंद स्वतःच्या तक्त्यात करतो. मग घेणाऱ्याचा पत्ता तक्त्यात शोधतो. सापडला तर फ्रेम फक्त त्या पोर्टवर जाते. नाही सापडला तर आलेला पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. बहुतेक स्विच पाच मिनिटे काही हालचाल न दिसलेली नोंद पुसून टाकतात, म्हणून संगणक एका टेबलावरून दुसरीकडे हलवला तरी कोणाला काही सांगावे लागत नाही. हे शिक्षण आपोआप होत असल्यामुळेच साधा स्विच खोक्यातून काढून लावला की चालू होतो. मात्र ‘सर्वांसाठी’ असा शिक्का असलेल्या फ्रेम, म्हणजे ब्रॉडकास्ट, तो सगळ्या पोर्टवर पाठवतोच. या एका गुणधर्मातून पुढच्या दोन मोठ्या अडचणी निर्माण होतात: एकमेकांशी संबंध नसलेल्या उपकरणांची सरमिसळ आणि तारांची वेटोळी.

आखणी समजण्यासाठी तालुक्याच्या गावातल्या एखाद्या पतसंस्थेची दोन मजली शाखा डोळ्यांसमोर ठेवता येईल. तळमजल्यावर सहा काउंटर, दोन प्रिंटर, चार कॅमेरे आणि ग्राहक बसतात तिथे छताला वायफायचे एक यंत्र. वरच्या मजल्यावर आठ संगणक, एक प्रिंटर, दोन कॅमेरे, वायफायचे दुसरे यंत्र, चित्रण साठवणारा रेकॉर्डर, सर्व्हर आणि राउटर. खाली तेरा तारा, वर पंधरा, शिवाय दोन मजल्यांना जोडणारी एक तार दोन्हीकडे एकेक पोर्ट घेणार. म्हणजे खाली १४ आणि वर १६ पोर्ट लागतील. हिशेबात १६ पोर्टचे दोन स्विच पुरतात, पण वरचा पहिल्याच दिवशी गच्च भरेल. नवा कर्मचारी आला की मग टेबलाखाली पाच पोर्टचा एक छोटा स्विच येतो, वर्षभराने दुसरा, आणि कोणती तार कुठे जाते हे कोणालाच सांगता येत नाही. एक चतुर्थांश पोर्ट मोकळे राहतील असा हिशेब धरून दोन्ही मजल्यांवर २४ पोर्टचे स्विच घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

प्रत्येक मजल्याला वेगळा स्विच देण्याचे कारण तारेच्या लांबीत आहे. तांब्याच्या जोडतारेवर इथरनेटची मर्यादा १०० मीटर. त्यात भिंतीतून जाणारी पक्की केबल जास्तीत जास्त ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या छोट्या जोडतारा, म्हणजे पॅच कॉर्ड, मिळून १० मीटर. छतावरून वळसे घेत, कोपरे टाळत जाणारी केबल सरळ मोजलेल्या अंतरापेक्षा बरीच जास्त लागते. नकाशावर ५० मीटर दिसलेले अंतर प्रत्यक्षात ८० होऊ शकते. शिवाय खालच्या तेरा तारा वर नेण्याऐवजी एकच तार न्यावी लागते, आणि स्लॅबला पाडायचे भोकही लहान राहते.

केबलच्या बाबतीत काटकसर फार महाग पडते. स्विच दहा वर्षांत बदलेल. भिंतीतली केबल वीस वर्षे राहील. गिगाबिट वेगाला कॅट-५ई पुरते. नव्याने काम करताना कॅट-६ घ्यावी. तिच्यावर ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिट चालते, आणि पूर्ण १०० मीटरला तोच वेग हवा असेल तर कॅट-६ए लागते. बाजारात मात्र कॅट-६ असे छापलेली, पण आत तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम असलेली केबलही मिळते. ती हलकी असते, स्वस्त असते आणि मानकात बसत नाही. ओळखायची रीत सोपी आहे: एक तार घेऊन ब्लेडने खरवडावी. आतून पांढरट चंदेरी धातू दिसला तर ते बंडल परत करावे. अ‍ॅल्युमिनियमचा विद्युतरोध जास्त असल्याने लांबच्या कॅमेऱ्याला पुरेशी वीज पोचत नाही, आणि तार ठिसूळ असल्याने पंच केलेल्या जागी काही महिन्यांनी तुटते.

कनेक्टर बसवण्याच्या कामातही बारकावा आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीला वेगवेगळा पीळ असतो. हा पीळच बाहेरचा गोंगाट आणि शेजारच्या जोडीची लुडबुड रोखतो. टोकाशी तो जेवढा कमी उलगडाल तेवढे बरे; कॅट-५ईसाठी १३ मिलिमीटर ही कमाल मर्यादा आहे. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना सारखा हवा. सर्वत्र रूढ झालेला ‘बी’ क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळ्या जोडीला हिरव्या जोडीच्या मधोमध जागा आहे, आणि नवशिक्याची चूक हमखास तिथेच होते. तो हिरव्या दोन तारा शेजारीशेजारी घालतो. साधा दिवे लागणारा टेस्टर अशा केबलला उत्तीर्ण करतो, कारण एक नंबरची पिन एकलाच आणि तीनची तीनलाच पोचलेली असते. पण जोड्या फुटलेल्या असल्यामुळे प्रत्यक्ष वापरात माहिती गळत राहते. म्हणून टेस्टरच्या दिव्यांवर विसंबू नये, डोळ्यांनी रंग पाहावेत. आणि बाहेरचा गोंगाट टाळायचा तर विजेच्या वायरिंगच्या पट्टीतूनच नेटवर्कची केबल नेण्याचा मोहही टाळायला हवा.

आता विजेचा हिशेब. कॅमेरे आणि वायफायची यंत्रे यांना वेगळी विजेची तार न ओढता नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देता येते. तिला पीओई म्हणतात. २००३ च्या ८०२.३एएफ मानकात स्विच एका पोर्टवर १५.४ वॅट देतो, त्यातले १२.९५ वॅट उपकरणापर्यंत पोचतील अशी हमी असते. बाकीचे तारेत खर्ची पडू शकतात. २००९ च्या ८०२.३एटीमध्ये हे आकडे ३० आणि २५.५ झाले. २०१८ च्या ८०२.३बीटीमध्ये पोर्टवर ९० वॅटपर्यंत मजल गेली. मानकाप्रमाणे बनलेला स्विच समोरचे उपकरण पीओईचे आहे का हे आधी तपासतो आणि मगच वीज सोडतो, त्यामुळे त्याच पोर्टला साधा संगणक लावला तरी धोका नसतो. न तपासता वीज सोडणारी ‘पॅसिव्ह’ पीओईची उपकरणेही मिळतात. त्यांची मिसळ करू नये.

खोक्यावर ‘२४ पीओई पोर्ट’ असे लिहिलेले असले तरी चोवीसही पोर्टना पूर्ण वीज देण्याइतकी ताकद स्विचमध्ये असतेच असे नाही. माहितीपत्रकात पीओई बजेट म्हणून एकूण वॅटचा आकडा दिलेला असतो आणि पाहायचा असतो तो हाच. पतसंस्थेच्या तळमजल्यावर चार कॅमेरे प्रत्येकी १५.४ आणि वायफायचे यंत्र ३० वॅट धरले तर जास्तीत जास्त ९१.६ वॅट होतात. शंभराच्या बरेच वर बजेट असलेला स्विच घ्यावा. वरच्या मजल्यावर दोन कॅमेरे आणि एक यंत्र मिळून ६०.८ वॅट. काटावर घेतलेला स्विच एक विचित्र लक्षण दाखवतो. दिवसभर सगळे कॅमेरे नीट चालतात आणि अंधार पडल्यावर एखादा बंद होतो. अंधारात कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, विजेची मागणी वाढते, बजेट ओलांडते आणि स्विच कमी महत्त्वाचा पोर्ट तोडतो. लोक कॅमेरा बदलतात, केबल बदलतात, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच घडते.

वेगाचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. आजचे बहुतेक स्विच प्रत्येक पोर्टवर एक गिगाबिट देतात. असे चोवीस पोर्ट एकाच वेळी दोन्ही दिशांनी पूर्ण वेगाने चालायचे तर स्विचची आतली क्षमता ४८ गिगाबिट हवी, आणि ती आता साध्या स्विचमध्येही असते. लक्ष द्यायचे ते दोन मजल्यांमधल्या जोडावर, कारण खालच्या सगळ्यांची सर्व्हरकडे जाणारी माहिती त्याच एका तारेतून जाते. खालचे चार कॅमेरे प्रत्येकी चार-पाच मेगाबिट घेतात असे धरले तरी वीसच्या आतच राहतात. काउंटरवरच्या नोंदी त्याहून कितीतरी कमी. फरक पडतो तो मोठ्या प्रती काढताना. १०० गिगाबाइटचा बॅकअप गिगाबिट जोडावरून सुमारे पाव तासात होतो. तोच १०० मेगाबिटवर गेला तर सव्वादोन तासांहून जास्त वेळ घेतो. एवढ्या शाखेला गिगाबिटचा एक जोड भरपूर झाला. मोठ्या ठिकाणी दोन-तीन तारा एकत्र बांधून एक जाड जोड करता येतो किंवा स्विचच्या एसएफपी खाचेत फायबरचे मॉड्यूल बसवून १० गिगाबिट घेता येते.

फायबरचा आणखी एक उपयोग वेगाइतकाच महत्त्वाचा आहे. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर अंतर तीस मीटर असले तरी फायबरच वापरावे. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये विजेच्या दाबाचा फरक असतो आणि तांब्याची तार त्यांना थेट जोडते. मे-जूनमधल्या वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की त्या तारेत निर्माण होणारा झटका दोन्हीकडचे स्विच जाळू शकतो. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही. आवारातल्या खांबावरच्या कॅमेऱ्याला तांब्याची तार न्यावीच लागली तर अर्थिंगला जोडलेला सर्ज प्रोटेक्टर मध्ये हवा.

स्विचची जागा हवेशीर, कोरडी आणि कुलूपबंद असावी. जिन्याखालचे बंद कपाट सोयीचे वाटते, पण पीओई स्विच चांगलाच तापतो आणि पंख्याला हवा मिळाली नाही तर आयुष्य घटते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारी दमट हवा कनेक्टरच्या पिना गंजवते. तिथे झाकणाचा रॅक आणि न वापरलेल्या पोर्टना टोप्या हव्यातच. भिंतीतून आलेल्या केबल थेट स्विचला न लावता आधी पॅच पॅनेलवर पंच कराव्यात आणि तिथून छोट्या पॅच कॉर्डने स्विचला जोडाव्यात, म्हणजे पक्की केबल कधीच हलत नाही. स्विच यूपीएसवर असावा. खाली-वर दोन स्विच असतील तर दोन्ही, नाहीतर वीज गेल्यावर सर्व्हर चालू आणि काउंटर बंद अशी स्थिती होते.

यानंतर येते निवड. साध्या स्विचला कोणतीही मांडणी करता येत नाही. ब्राउझरमधून मांडणी करता येणारे ‘स्मार्ट’ स्विच थोडे महाग असतात, आणि पूर्ण ‘मॅनेज्ड’ स्विच त्याहून महाग. घराला किंवा दोन-तीन संगणकांच्या दुकानाला साधा स्विच पुरतो. जिथे लोकांचे पैसे, रुग्णांची माहिती किंवा विद्यार्थ्यांच्या नोंदी आहेत तिथे मांडणी करता येणारा स्विच घेणे ही चैन नव्हे, ती जबाबदारी आहे. कारण पुढची पायरी, व्हीलॅनची, साध्या स्विचवर शक्यच नसते.

पतसंस्थेत ग्राहकाच्या मोबाइलला वायफाय दिले की तो मोबाइल काउंटरच्या संगणकांच्याच जाळ्यात येतो. कॅमेरेही त्याच जाळ्यात असतात, आणि कित्येक कॅमेऱ्यांचा पासवर्ड कारखान्यातला तसाच राहिलेला असतो. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे आतून पाडलेले स्वतंत्र भाग: एका भागातली ब्रॉडकास्ट दुसऱ्यात जात नाही, आणि एका भागातले उपकरण राउटरच्या परवानगीशिवाय दुसऱ्या भागातल्याशी बोलू शकत नाही. १९९८ च्या ८०२.१क्यू मानकात फ्रेममध्ये चार बाइटची पट्टी घातली जाते. तिच्यातल्या बारा बिटांत व्हीलॅनचा क्रमांक असतो, म्हणून १ ते ४०९४ पर्यंतचे क्रमांक वापरता येतात.

शाखेसाठी चार भाग पुरतील: कामकाजाला १०, कॅमेऱ्यांना २०, पाहुण्यांच्या वायफायला ३० आणि स्विचसारख्या यंत्रांच्या देखभालीला ९९. आयपी पत्तेही त्याच क्रमांकांशी जुळवले तर लक्षात ठेवायला सोपे जातात: कामकाजाला १९२.१६८.१०, कॅमेऱ्यांना १९२.१६८.२०, याप्रमाणे. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेले आहेत आणि अशा प्रत्येक पट्ट्यात २५४ उपकरणे बसतात. सर्व्हर, प्रिंटर, रेकॉर्डर, स्विच यांना पक्के पत्ते द्यावेत. बाकीच्यांना राउटरने डीएचसीपीने, म्हणजे आपोआप, वाटावेत. व्हीलॅन हाताळू शकणारा राउटर मात्र हवा. पाहुण्यांना फक्त इंटरनेट, कॅमेऱ्यांना फक्त रेकॉर्डर, आणि कामकाजाच्या ठरावीक संगणकांनाच रेकॉर्डर पाहण्याची मुभा, असे नियम तिथे लिहायचे असतात. हे नियम लिहिले नाहीत तर राउटर सगळ्या भागांना पुन्हा एकमेकांशी जोडून देतो आणि केलेली विभागणी वाया जाते.

पोर्ट दोन प्रकारचे ठरतात. संगणक, प्रिंटर, कॅमेरा यांच्या पोर्टवर एकच व्हीलॅन असतो आणि फ्रेमवर पट्टी नसते. हा अ‍ॅक्सेस पोर्ट. दोन स्विचमधल्या आणि स्विच-राउटरमधल्या जोडावर अनेक व्हीलॅन पट्टीसह जातात. हा ट्रंक पोर्ट. वायफायच्या यंत्राचा पोर्टही ट्रंकसारखाच लागतो, कारण त्याच यंत्रावर कर्मचाऱ्यांचे आणि पाहुण्यांचे अशी दोन नावे चालतात. ट्रंकच्या दोन्ही टोकांना व्हीलॅनची यादी सारखी असावी लागते. खालच्या मजल्यावरचे काउंटर चालतात आणि पाहुण्यांचे वायफाय पत्ताच देत नाही, अशी तक्रार आली तर पहिल्यांदा एका टोकाच्या यादीतून ३० राहिला आहे का ते पाहावे.

प्रत्यक्ष मांडणी स्विच रॅकमध्ये चढवण्याआधी टेबलावरच करावी. तळाच्या स्टिकरवर कारखान्यातला आयपी पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ सारखा. लॅपटॉपला त्याच पट्ट्यातला पत्ता देऊन ब्राउझरने आत शिरता येते. मॅनेज्ड स्विचवर कन्सोल पोर्टही असतो. बऱ्याच कंपन्यांच्या स्विचवर तो ९६०० बॉडला चालतो आणि नेटवर्क पूर्ण बिघडले तरी तेवढा एक दरवाजा उघडा राहतो. सर्वांत आधी पासवर्ड बदलावा. मग कंपनीच्या संकेतस्थळावरून फर्मवेअर अद्ययावत करावे, कारण चालू कामकाजात ते करायला पुन्हा वेळ मिळत नाही. स्विचला ‘तळमजला’, ‘पहिला-मजला’ असे ओळखू येईल असे नाव द्यावे आणि घड्याळ लावावे. घड्याळ चुकीचे असेल तर नोंदवहीतल्या बिघाडाच्या वेळांचा काही उपयोग होत नाही. दुरून आत शिरण्यासाठी असुरक्षित टेलनेट बंद करून एसएसएच चालू करावे.

व्हीलॅन करताना क्रम चुकला तर आपणच बाहेर फेकले जातो. आधी चारही व्हीलॅन तयार करावेत, मग ट्रंक, मग अ‍ॅक्सेस पोर्ट. लॅपटॉप ज्या पोर्टवर आहे तो शेवटपर्यंत हलवू नये. स्विचचा स्वतःचा पत्ता ९९ वर नेण्याआधी एक पोर्ट ९९ मध्ये ठेवून लॅपटॉप तिथे लावून पाहावा, आणि तिथून आत शिरता आले तरच जुना मार्ग बंद करावा. वापरात नसलेले पोर्ट बंद ठेवावेत. शेवटी मांडणी जपून ठेवावी. कित्येक स्विचमध्ये बदल लागू करणे आणि तो कायमचा साठवणे या दोन वेगळ्या क्रिया असतात. बदल लागू झाला म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाला पहिल्या लोडशेडिंगनंतर सगळे व्हीलॅन गायब झालेले दिसतात.

आता वेटोळ्यांचा प्रश्न. साफसफाईच्या वेळी एखाद्या पॅच कॉर्डचे मोकळे टोक जमिनीवर दिसते आणि कोणीतरी चांगल्या हेतूने ते भिंतीतल्या जवळच्या खोबणीत खोचते. दुसरे टोकही भिंतीतच असते. स्विचपासून निघून स्विचकडेच परतणारा रस्ता तयार होतो. इथरनेटच्या फ्रेमला वयाची मर्यादा नसते, म्हणून एक ब्रॉडकास्ट त्या रस्त्यावर फिरत राहते, प्रत्येक फेरीत तिच्या नव्या प्रती निघतात आणि काही सेकंदांत सगळे पोर्ट त्यांनीच भरून जातात. सगळे दिवे एकाच लयीत अखंड लुकलुकू लागतात आणि काहीही चालत नाही.

यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला. स्पॅनिंग ट्री नावाच्या या पद्धतीत स्विच एकमेकांना संदेश पाठवून एक मूळ स्विच निवडतात आणि वेटोळे करणारे जोड आपोआप बंद ठेवतात; एखादा चालू जोड तुटला तर बंद ठेवलेला उघडतात. मूळ रूपात या बदलाला ३० ते ५० सेकंद लागत. २००१ मध्ये आलेल्या जलद रूपात साधारणपणे काही सेकंद पुरतात. मूळ स्विच सर्वांत लहान प्राधान्य क्रमांकाचा निवडला जातो. कारखान्यात तो सगळ्यांना ३२७६८ दिलेला असतो, आणि बरोबरी झाली की लहान मॅक पत्ता जिंकतो. हा पत्ता बहुधा सर्वांत जुन्या स्विचचा निघतो, म्हणजे कोपऱ्यातली थकलेली पेटी सगळ्या जाळ्याची प्रमुख होते. म्हणून मुख्य स्विचला ४०९६ सारखा लहान क्रमांक हाताने द्यावा. संगणकांच्या पोर्टना ‘एज’ म्हणून नेमावे आणि तिथून दुसऱ्या स्विचचे संदेश आले तर पोर्ट बंद होईल असे संरक्षण चालू करावे. शाखेत दोनच स्विच आणि एकच जोड असला तरी स्पॅनिंग ट्री बंद करू नये. ती त्या खोचलेल्या पॅच कॉर्डसाठीच आहे.

स्पॅनिंग ट्रीवर न पेलणारा भार टाकला तर काय होते हे अमेरिकेत बॉस्टनच्या बेथ इस्राएल डीकनेस रुग्णालयाने नोव्हेंबर २००२ मध्ये अनुभवले. तिथले नेटवर्क तुकड्यातुकड्याने वाढत जाऊन स्पॅनिंग ट्रीसाठी शिफारस केलेल्या सात स्विचच्या पल्ल्याबाहेर गेले होते. माहितीचा मोठा लोट आला, स्विचचे आपसातले संदेश हरवू लागले आणि अनेक दिवस रुग्णालयाला कागदावर काम करावे लागले. गाठ ढिली होत होत एके दिवशी सुटावी तसे ते घडले.

डीएचसीपीच्या बाबतीत असाच एक साधा अपघात घडतो. कोणीतरी घरचा राउटर आणून त्याचा चुकीचा पोर्ट भिंतीत लावतो आणि तो राउटर आपल्याच पट्ट्यातले पत्ते वाटू लागतो. ज्या संगणकांना ते मिळतात त्यांना सर्व्हर दिसत नाही. बाकीचे चालू असतात, त्यामुळे कारण लवकर सापडत नाही. डीएचसीपी स्नूपिंग चालू करून फक्त खऱ्या राउटरच्या पोर्टवर विश्वास ठेवला की हा दरवाजा बंद होतो.

सगळे जोडून झाल्यावर चाचणी घ्यावी, आणि ती पोर्टनिहाय घ्यावी. ब्राउझरमधल्या स्विचच्या पानावर प्रत्येक पोर्टचा वेग दिसतो. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली तर बहुतेक उपकरणे गाजावाजा न करता १०० वर उतरतात. संगणक चालतो, पण दहापट हळू. वेग हाताने ठरवून देण्याची जुनी सवयही सोडायला हवी. एका टोकाला १०० फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांनी) ठरवून दिले आणि दुसरे टोक आपोआपवर राहिले तर ते हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकच दिशा) धरते आणि जोड रखडत चालतो. दोन्हीकडे आपोआपच ठेवावे. त्रुटींचे आकडेही पाहावेत: एखाद्या पोर्टवर सीआरसी त्रुटी, म्हणजे वाटेत बिघडलेल्या फ्रेम, वाढत असतील तर दोष जवळपास नेहमी केबलमध्ये किंवा कनेक्टरमध्ये असतो. मग प्रत्येक भागातून पिंग करून जिथे पोचायला हवे तिथे पोचते का, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिथे पोचायला नको तिथे पोचत नाही ना, हे पाहावे. पाहुण्यांच्या वायफायवरून सर्व्हरला उत्तर आले तर राउटरचे नियम अपुरे आहेत.

केबलच्या दोन्ही टोकांना, भिंतीतल्या खोबणीला आणि पॅच पॅनेलला एकच क्रमांक असावा. त्या क्रमांकांची वही रॅकमध्येच ठेवावी: पोर्ट कोणता, व्हीलॅन कोणता, उपकरण कोणते, कधी बदलले. मांडणीची फाइल प्रत्येक बदलानंतर स्विचबाहेर साठवावी आणि तिच्यावर तारीख घालावी. त्याच मॉडेलचा एक जादा स्विच ठेवणे परवडत असेल तर बिघाडाच्या दिवशी जुन्याच्या पॅच कॉर्ड क्रमांकाप्रमाणे काढायच्या, नव्यात फाइल चढवायची, आणि कॉर्ड त्याच क्रमाने परत लावायच्या, एवढेच काम उरते.